मेक्सिको म्हणजे मसाल्याची पुडी नव्हे

आधी एक गोष्ट मान्य करून टाकतो. ढोबळी मिरची मधोमध कापायची, तिच्यात उकडलेला राजमा, मक्याचे दाणे आणि कालचा उरलेला भात कोंबायचा, पिझ्झ्याबरोबर येऊन फ्रिजच्या दारात साठलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या फोडायच्या, वर किसलेलं चीज पसरायचं आणि सगळं एअर फ्रायरमध्ये ढकलायचं. हे चवीला वाईट लागत नाही. चीज वितळलं की जगात फार थोड्या गोष्टी वाईट लागतात. तेव्हा माझं भांडण चवीशी नाही. त्या पदार्थाच्या नावात पहिल्या जागी जो शब्द बसवला जातो, त्याच्याशी आहे. 'मेक्सिकन स्टफ्ड कॅप्सिकम.' मेक्सिकन? नेमकं काय मेक्सिकन आहे त्यात?

हा शब्द आपल्याकडे आता कशालाही चिकटतो. मेक्सिकन सँडविच, मेक्सिकन राइस, मेक्सिकन भेळ, आणि पुण्यात एका ठिकाणी मी मेन्यूवर मेक्सिकन डोसाही वाचला आहे. अर्थ सगळीकडे एकच : राजमा, मका, ढोबळी मिरची, चीज आणि ती पुडी. किराणा दुकानात मिळणाऱ्या एका 'मेक्सिकन सीझनिंग'च्या पाकिटावर भलीमोठी टोपी घातलेला, झुपकेदार मिशांचा माणूस असतो. त्याचा फोटो मी आमच्या टीममधल्या ग्वादालाहाराच्या सहकारी बाईंना पाठवला. त्यांनी एवढंच विचारलं, "हा कोण?"

तेरा कोटींच्या आसपास लोकांचा देश. बत्तीस राज्यं. उत्तरेला गव्हाचे तोर्तिया, दक्षिणेला मक्याचे. वाहाकाची मोले वेगळी, पुएब्लाची वेगळी, युकातानच्या स्वयंपाकाचा तर बाकीच्यांशी जेमतेम संबंध. २०१० मध्ये युनेस्कोने ज्या मोजक्या खाद्यसंस्कृतींना पहिल्यांदा अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात मेक्सिकोची होती. आणि आपल्यासाठी तो सगळा देश म्हणजे दहा ग्रॅमची पुडी.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? चला, उलट बाजूने पाहू. ऑगस्ट २०२१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'चे विनोदी स्तंभलेखक जीन वाइनगार्टन यांनी आपल्याला न आवडणाऱ्या पदार्थांवर एक लेख लिहिला आणि त्यात भारतीय जेवण हे सगळं एकाच मसाल्यावर उभं असल्याचं ठोकून दिलं. त्यानंतर जे झालं ते अनेकांना आठवत असेल. पद्मा लक्ष्मींपासून प्रत्येक देशी ट्विटर हँडलपर्यंत सगळ्यांनी त्यांना धुतलं. पेपरला दुरुस्ती छापावी लागली, लेखकाला माफी मागावी लागली. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. गोडा मसाला वेगळा, कांदा-लसूण मसाला वेगळा, मालवणी वेगळा, आगरी वेगळा, आणि हा माणूस म्हणतो एक मसाला! अगदी रास्त राग होता. त्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर शुक्रवारच्या पार्टीसाठी 'मेक्सिकन' मागवायचं ठरलं आणि तेव्हा कुणालाही काहीही विचित्र वाटलं नाही.

आपल्या बाबतीत झालं की तो अज्ञानी गोऱ्याचा माज, आणि आपण केलं की ते फ्यूजन. मला ही सूट मंजूर नाही.

शिवाय ती पुडीसुद्धा मेक्सिकोची नाही, हा त्यातला सगळ्यात मजेशीर भाग. १८९० च्या दशकात टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावी विल्यम गेबहार्ट नावाचा एक जर्मन स्थलांतरित राहत होता. त्याने मेक्सिकोहून आणलेल्या वाळक्या मिरच्या दळून, त्यात जिरं, ओरेगॅनो वगैरे मिसळून 'चिली पावडर' बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. जिऱ्याचा तो जोरदार वास, वर पिवळं चीज, मधे राजमा : हे सीमेच्या अलीकडचं, अमेरिकी बाजूचं जेवण. त्याला टेक्स-मेक्स असं स्वतःचं नाव आहे, आणि ते काही कमी दर्जाचं नाही. नाचोसुद्धा सीमेवरचेच. पिएद्रास नेग्रास गावात १९४० च्या दशकात इग्नासियो आनाया या माणसाने पलीकडून आलेल्या अमेरिकी बायकांसाठी हाताशी होतं त्यातून ते जुळवले. इग्नासियोचं लाडाचं नाव नाचो, म्हणून नाचोज. आणि ओरेगॅनो? मेक्सिकोत त्या नावाने जी पानं सर्रास वापरतात, ती वेगळ्याच कुळातल्या झुडपाची. आपल्या पुडीतला ओरेगॅनो भूमध्य समुद्राकडचा, पुदिन्याच्या कुळातला. म्हणजे जर्मन माणसाची कल्पना, टेक्सासचा बाजार, भूमध्य समुद्रावरची पानं, आणि वर टोपीवाला.

आता खरा पदार्थ. नाव चिले रेयेनो. शब्दशः अर्थ 'भरलेली मिरची', त्यात कुठे 'मेक्सिकन' नाही. आपण तरी कुठे 'महाराष्ट्रीय भरली वांगी' म्हणतो? मिरची पोब्लानो, म्हणजे पुएब्लाची. गडद हिरवी, रुंद खांद्यांची, टोकाला निमुळती, तिखट बेताची. हीच वाळवली की तिला आंचो म्हणतात. मिरची भाजायची, सोलायची, बिया काढायच्या, चीज किंवा खिमा भरायचा, पिठात लोळवून फेटलेल्या अंड्यात बुडवायची, तळायची आणि टोमॅटोच्या पातळ रश्श्यात सोडायची. मेक्सिकोत 'फोंदा' नावाच्या छोट्या खाणावळी असतात, तिथे दुपारच्या जेवणात हा पदार्थ नेहमीचा. कौतुकाने फोटो काढावा असं तिथे कुणाला वाटत नाही.

या सगळ्या यादीत एक पायरी अशी आहे की ती गाळली तर पदार्थच राहत नाही. चीज बदला, रस्सा बदला, अंडं काढून टाका, तरी चालेल. पण मिरची भाजून सोलणं गाळलं तर ते चिले रेयेनो नव्हे. आणि प्रत्येक 'पंधरा मिनिटांत मेक्सिकन' रीलमध्ये हमखास गाळलेली पायरी तीच असते, कारण ती तीस सेकंदांत बसत नाही आणि दिसायलाही घाण असते. काळी पडलेली मिरची, काळे हात, ओट्यावर राखेचे कपटे.

यात काही दैवी रहस्य नाही. मिरचीच्या सालीवर मेणचट थर असतो. ही साल शिजून नीट मऊ होत नाही, दाताखाली प्लास्टिकच्या कागदासारखी येते. एअर फ्रायरमधल्या ढोबळ्या मिरचीची साल सुटी होऊन जिभेला चिकटते, ती हीच. थेट जाळावर धरली की साल जळते, खालच्या गरातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ सालीला आतून उचलते. मिरची चारही बाजूंनी काळी झाली की लगेच झाकायची. मग राहिलेलं काम तीच वाफ करते. दहा-पंधरा मिनिटांनी अंगठ्याने चोळलं की साल आपोआप निघते. हे नळाखाली धरून करायचं नाही. पाण्याबरोबर साल जाते आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो धुराचा वासही जातो.

ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. वांग्याचं भरीत आपण असंच करतो. जळगावकडे कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर, आणि शहरात गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवून. वांगं कुकरमध्ये उकडून त्याला भरीत म्हणणाऱ्या माणसाकडे आपण कसं बघतो? एवढंच माझं म्हणणं आहे. पुएब्लातल्या आजीला जे येतं ते खानदेशातल्या आजीलाही येतं. आपल्याकडे शेगडी आहे, चिमटा आहे, तंत्र आहे, हाताला सवय आहे. नाही ती फक्त पुडी, आणि तिचीच गरज नाही. असलेलं सगळं बाजूला ठेवून नको असलेली एकच वस्तू आपण विकत घेतो.

मिरची कुठली घ्यायची? ढोबळी नको. ती तिखट नसते हे एक, आणि तिच्या जाड गरात पाणी फार. भाजल्यावर ती गोडसर, लिबलिबीत होते आणि भरताना फाटते. मंडईत भावनगरी मिरची मागा. भज्यांसाठी घेतात ती, लांब, फिक्या पोपटी रंगाची. पोब्लानोइतकी रुंद नसते, पण गर बेताचा आणि तिखटही बेताचं. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या लांब हिरव्या मिरच्यांचे रेयेनो सीमेपलीकडे न्यू मेक्सिकोतही करतात, म्हणजे हा काही माझा जुगाड नाही. मोठ्या, सरळ, डाग नसलेल्या सात-आठ घ्या. एखादी जहाल निघते. निघू दे. पोब्लानोतही निघते.

भाजून सोलल्यावर देठ तसाच ठेवून एक उभी चीर द्यायची आणि बियांचा गड्डा बोटांनी अलगद काढायचा. हाताला आधी तेल लावा आणि त्यानंतर डोळ्यांना हात लावू नका. चीज म्हणून तिकडे वाहाकाचं तार सुटणारं चीज वापरतात. मोझरेला त्याच पद्धतीने ताणून बनवतात, त्यामुळे तेच सगळ्यात जवळचं. पनीर वितळत नाही. थोडं कुस्करून मोझरेलात मिसळलं तर भरण सैल पडत नाही, पण नुसतं पनीर भरू नका. खिमा भरायचा तर तो 'पिकादीयो' : कांदा, टोमॅटो, बेदाणे, बदाम घालून केलेला, किंचित गोडसर.

वरचं आवरण म्हणजे 'कापेआदो'. तीन अंडी घ्या. पांढरं आधी एकटंच फेटायचं, भांडं उलटं केलं तरी पडणार नाही इतकं. मग पिवळं एकेक करून हलक्या हाताने मिसळायचं. मिरची आधी कोरड्या मैद्यात घोळवा, नाहीतर ओल्या मिरचीवरून अंडं घसरतं. मध्यम तापलेल्या तेलात तळा. नंतर मिरची रश्श्यात जाते आणि ते फुगीर आवरण रस्सा पितं. इथे नवखा माणूस ओरडतो की कुरकुरीत राहिलं नाही. राहायचंच नाही! भज्यांची कढी खाताना आपण कुरकुरीतपणा शोधत नाही, तसंच हे.

रस्सा म्हणजे 'काल्दीयो'. चार टोमॅटो भाजून किंवा उकडून, पाव कांदा आणि दोन लसूण पाकळ्यांबरोबर वाटायचे, गाळायचे, चमचाभर गरम तेलात परतायचे आणि पाणी घालून पंधरा मिनिटं उकळू द्यायचे. त्यात दोन लवंगा आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मेक्सिकोत वापरतात ती पातळ सालीची, सहज मोडणारी, श्रीलंकेकडची दालचिनी. आपल्याकडे किराण्यात मिळते ती बहुधा जाड सालीची, उग्र. कोकणात लावलेली पातळ सालीची मिळाली तर तीच घ्या. पुडीतलं काहीही घालायचं नाही. जिऱ्याची चिमूटसुद्धा नको.

आणि त्या लवंगा-दालचिनीवर एक मिनिट थांबा. मेक्सिकोतल्या रश्श्यात त्या कुठून आल्या? आपल्या बाजूच्या समुद्रांतून. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं, स्पॅनिश गलबतं मनिलाहून आकापुल्कोला जात होती. त्यांत आशियाचे मसाले होते, रेशीम होतं, आणि गुलाम माणसंही होती. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून पळवून नेलेली एक मुलगी याच वाटेने पुएब्लात पोचली. तिचं नाव कातारिना दे सान हुआन ठेवलं गेलं. ती १६८८ मध्ये तिथेच वारली. पुएब्लाच्या लोकांनी तिला पुढे दंतकथेत नेऊन बसवलं, आणि 'चिना पोब्लाना' हा तिथल्या पारंपरिक वेशाचा शब्द तिच्याशी जोडतात. ज्या शहराच्या नावाची मिरची आपण धड ओळखत नाही, त्या शहरात आपल्याकडची एक बाई चारशे वर्षांपूर्वी होती.

आता वाद घालणाऱ्यांकडे येतो. कारण हे वाचून कुणीतरी हमखास लिहिणार : "मिरची तरी आपली कुठे आहे? तीही पोर्तुगीजांनीच आणली. मग शुद्धतेचा एवढा आव कशाला?"

बरोबर. मिरची मेक्सिकोत माणसाळली. आपल्या ठेच्याचा, रंजक्याचा, सांडगी मिरचीचा मूळ पुरुष तिकडचा. इतकंच काय, टोमॅटो, चॉकलेट आणि आपला चिकूसुद्धा नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आपल्यापर्यंत आलेले शब्द आहेत. डहाणूच्या बागेत उभं राहून 'चिकू' म्हणणारा माणूस नकळत आस्तेकांची भाषा बोलत असतो. राजमाही अमेरिका खंडातला. पण बघा, मिरची आल्यावर आपण काय केलं? तिच्यावर काम केलं. चारशे-पाचशे वर्षं पेरली, वाळवली, कुटली, ताकात भिजवून उन्हात ठेवली, लोखंडी तव्यावर लसणाबरोबर रगडली. मिरीवरून तिला नावही आपलं दिलं. त्यानंतर ठेचा आपला झाला, आणि आपण त्याला 'मेक्सिकन ठेचा' म्हणत नाही. पुडीच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. काम शून्य, नाव मात्र तिकडचं. आमच्या धंद्यात याला रिस्किन म्हणतात. आतला कोड तोच, बटणाचा रंग बदलला आणि क्लायंटला सांगितलं की नवीन व्हर्जन आलं. पदार्थ बदला, हवा तसा बदला, त्याला माझी ना नाही. बदललात तर नावही स्वतःचं द्यायची हिंमत दाखवा, एवढंच.

म्हणूनच बेसन लावून केलेल्या मिरचीला चिले रेयेनो म्हणू नका. तिला जोधपूरचा मिर्ची वडा म्हणा, भरल्या मिरचीची भजी म्हणा. दोन्ही अफलातून आहेत आणि दोघांनाही मेक्सिकोच्या शिफारशीची गरज नाही. अंडं खात नसाल तर आवरण सरळ काढून टाका. तिकडेही बिनआवरणाचे रेयेनो करतात. भाजलेली, सोललेली, चीज भरलेली मिरची तव्यावर गरम करून रश्श्यात सोडायची, झालं. आणि दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला भरलेली आपली ढोबळी मिरची? रीलमधला तो पदार्थ खरं तर तिचाच चीज घातलेला भाऊबंद. पण 'आईने केली तशी भरली ढोबळी, वर चीज' असं लिहिलं तर लाइक मिळत नाहीत, म्हणून टोपीवाला लागतो. यात मेक्सिकोचा अपमान आहे तेवढाच आईचाही आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "तुझं बरं आहे, वर्क फ्रॉम होम, इंडक्शन, डिशवॉशर. दिवसभर राबून आलेल्या बाईने मिरच्या सोलत बसायचं का?" नाही. मुळीच नाही. तिने पंधरा मिनिटांत जे होईल ते करावं, पुडी फोडावी, बाहेरून मागवावं, आणि तिला कुणी काही बोलू नये. मेक्सिकोतही हे काम बहुतांशी बायकांच्याच वाट्याला येतं, त्याची गोडवी मी गाणार नाही. माझा रोख माझ्यासारख्यांवर आहे. रविवारी एकदा 'आज मी मेक्सिकन करतोय' अशी घोषणा करायची, पुडी फोडायची, अकरा भांडी सिंकमध्ये सोडायची आणि टाळ्या घ्यायच्या. तुमच्याकडे वेळ आहे. आयपीएलची एक मॅच साडेतीन तास चालते. चिले रेयेनोला दीड तास लागतो, भांडी घासून दोन. ज्याला हौस आहे त्याने मिरची स्वतः सोलावी आणि काळी झालेली शेगडीही स्वतःच पुसावी.

आणि हौस खरोखरच वाढली, तर पुढची यत्ता आहे 'चिलेस एन नोगादा'. पुएब्लाचाच. भाजून सोललेल्या पोब्लानोत फळं घातलेला खिमा, त्यात त्या भागातली सफरचंदं, नासपती, पीच. वर ताज्या अक्रोडाचा पांढरा सॉस, डाळिंबाचे लाल दाणे, हिरवी कोथिंबिरीसारखी पार्सली. झेंड्याचे तिन्ही रंग. १८२१ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी आगुस्तीन दे इतुर्बिदेसाठी पुएब्लाच्या जोगिणींनी तो पहिल्यांदा केला अशी आख्यायिका आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो वर्षभर करत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओले अक्रोड, डाळिंब आणि ती फळं एकदम येतात, तेव्हाच. अक्रोड ओले असतानाच त्यांची पातळ साल एकेक करून सोलतात, नाहीतर सॉस कडू आणि मळकट होतो. पन्नास-साठ अक्रोडांची साल नखाने काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी बिरड्यांसाठी वाल सोललेत त्यांना सांगायला नको. आपल्याकडे ओले अक्रोड मिळत नाहीत. सुके रात्रभर दुधात भिजवले तर साल निघते, पण तेवढीच चिकाटी लागते. मी अजून केलेला नाही. डाळिंबाचा हंगाम बघतोय.

तोवर भावनगरीवर भागतं. केलेल्या आठांपैकी दोन नेहमी उरतात. मेक्सिकोत उरलेला रेयेनो दुसऱ्या दिवशी तोर्तियात गुंडाळून गारच खातात. मी घडीच्या पोळीत गुंडाळून डब्यात नेतो. रस्सा वेगळ्या डबीत न्यायचा, नाहीतर पोळीचा लगदा होतो.